करंड्याचं पोट

कुंकवाचा करंडा बाहेरून कोणीही घडवेल. इकडे उत्तरेत, नदीकाठच्या मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत माझी खराद आहे, सारा जन्म तिच्यावर लाकूड कातण्यात गेला, म्हणून सांगतो. खरी कसोटी पोट कोरताना. बाहेर काम करताना पटाशी टेकेला बिलगून असते. टेक म्हणजे हत्यार टेकवायची लोखंडी पट्टी. आत शिरलं की पातं टेकेच्या पुढे अधांतरी जातं, आणि जितकं खोल जाल तितकं हाताचं ऐकेनासं होतं.

माझा उजवा हात तर गेल्या वर्षापासून थरथरतो. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. झालं, विषय संपला.

तरी लेकीच्या लग्नातला करंडा मीच करणार होतो. इथल्या मराठी घरांतल्या कितीतरी मुली माझे करंडे घेऊन सासरी गेल्या. माझ्याच लेकीला काय बाजारातला देऊ? ती म्हणाली, "बाबा, रहने दो ना. कशाला त्रास करून घेता?" मी तिला गप्प बसवलं.

डबी आणि झाकण एकाच लाकडातून काढायचं, ही माझी पद्धत. झाकण झकास उतरलं. मग टेक अगदी डबीच्या तोंडात सरकवली, पटाशीची मूठ काखेत दाबून बरगडीला टेकवली. हात ऐकत नाही ना, मग अंगाने धरू. कोपर धरायला बायकोला बोलावलं. एरवी खरादीकडे न फिरकणारी ती, येऊन दोन्ही हातांनी कोपर धरून उभी राहिली. जरा खोल गेलो आणि पातं अडकलं. एकच हिसका, डबी उभी फुटली.

"अहो, दुसरं लाकूड आणा," ती म्हणाली.

"लाकूड मिळेल. हात कुठून आणू?"

लग्नात रुखवतावर करंडा होता. माझाच. आमच्या लग्नात मी हिच्यासाठी केलेला. तो रिकामा करून, पुसून, तेल लावून हिने मांडला होता. लेकीनेही ओळखला असणार, तरी ती ज्याला त्याला सांगत होती, बाबांनी केलाय. नवरा जिवंत असताना आमच्यात बायका आपला करंडा कोणाला देत नाहीत. हे मी हिला काय सांगणार?

आता ती स्टीलच्या वाटीतलं कुंकू लावते, रोज सकाळी, माझ्यासमोर. मला दुसरा करून द्या, असं एकदाही म्हणत नाही. तेच मला सहन होत नाही.