सुजाताची सिद्धता आणि आमची लॅब

कॉम्प्युटर एकदा कामाला लावला की तो तासन्‌तास राबतो आणि आम्ही चहा पितो. चहा आला की गप्पा आल्या. त्यामुळं आमच्या कॉलेजच्या जेनेटिक अल्गोरिदमच्या लॅबमध्ये संशोधनापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. माणसं तीनच: आमचे सर, मी आणि पीएचडीत अडकलेली सुजाता. तिची एक सिद्धता पुरी व्हायची होती. झाली तर डिग्री, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात.

*

सर हा विषय फार सोपा करून सांगतात. आधी कशीही उत्तरं घ्यायची, त्यातली बरी निवडायची, दोन-दोन उत्तरांची सरमिसळ करून नवी पिढी काढायची, किंचित बदल करायचा, परत निवडायचं. सुजाताच्या घरी पेठ वडगावला जेवायला गेलतो, तेव्हा तिच्या आईंनाही त्यांनी हेच समजावलं. आईचं चांगलं, बापाचं चांगलं, पोरात दोन्ही उतरतं!

काकूंनी सोफ्यावर मोबाईल घेऊन लोळणाऱ्या थोरल्या चिरंजीवांकडं बघितलं.

"आमच्यात तसं झालं न्हाय, सर," म्हणाल्या आणि आमटी वाढली.

*

एकदा ऑफिसनं परीक्षेचं टाइमटेबल आमच्याकडं मागितलं. मी अल्गोरिदमला एकच अट घातली, एका पोराचे दोन पेपर एका वेळी यायचे नाहीत. दुपारपर्यंत क्लॅश शून्य! ऐटीत प्रिंट नेऊन दिली, तर सगळे रकाने कोरे. पठ्ठ्यानं एकही पेपर ठेवला नव्हता, मग क्लॅश कुठनं येणार? पेपर घ्यायचेच आहेत, हे सांगायचं मी विसरलो होतो.

हेडक्लार्कनी चष्म्यावरून बघितलं. "हे कुठल्या बॅकबेंचरनं केलंय?"

*

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीमालकाला डेमो दिला. कुठलं काम आधी घ्यायचं, कुठलं नंतर, ते आमचा प्रोग्रॅम सांगणार होता. दोनदा चालवला, दोनदा वेगळा क्रम आला. यात थोडा नशिबाचा भाग असतो, दोन्ही क्रम चांगलेच आहेत, असं मी परोपरीनं सांगितलं.

मालक म्हणाले, "पावणं, रोज मत बदलायला आमचा सुपरवायझर हाय की."

*

सबमिशन तोंडावर आलं आणि सुजाताच्या सिद्धतेत भोक सापडलं. पिढ्या बदलताना, हाताला लागलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हरवूही शकत होतं. ती कॅन्टीनमध्ये बसून रडली. फार वाईट वाटलं. सर शेजारी येऊन बसले.

"चांगलं सापडलंय ते बाजूला काढून ठेव. पुढच्या पिढीत जसंच्या तसं घाल. मग बघ."

तिनं सगळं नव्यानं मांडलं आणि गणित बसलं.

*

मग आला व्हायवा, पीएचडीची तोंडी परीक्षा. तो सगळ्यांसमोर असतो, म्हणून तिचे वडील डेअरीला दूध घालून तसेच आले आणि मागच्या रांगेत बसले. सुजातानं झकास मांडलं, की असा अल्गोरिदम सर्वोत्तम उत्तराला पोचणार म्हणजे पोचणारच.

बाहेरचे परीक्षक कडक. त्यांनी विचारलं, "किती वेळात?"

सुजातानं खरं तेच सांगितलं. पोचणार हे नक्की, पण कधी, ते ही सिद्धता सांगत नाही. परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आता गेली डिग्री!

मागनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुजाताचे वडील उभे राहिले होते.

"सायेब, बरोबर हाय तिचं. पीएचडी कधी हुणार म्हणून सहा वर्षं इचारतोय, घरात बी ह्येच सांगती."

परीक्षकांनी सही केली.