संत्री, चिवड्याचा डबा आणि चिखलदऱ्याचं वळण

मोटारींवर लिहिणारे विद्वान मायलेज सांगतात, सनरूफचं कौतुक करतात. पण मागच्या सीटवरचा चिवड्याचा डबा दर वळणावर सरकतो, या गंभीर प्रश्नावर सगळे मौन धरून आहेत.

मागच्या महिन्यात नागपुरातच, बेसाच्या वळणावर आमची गाडी दुभाजकाला भेटायला निघाली. मी दोष गाडीला दिला, सौ. सुलभानं मला. ठरलं असं : चिखलदऱ्याला जाऊन यायचं, गाडी पुन्हा भरकटली, तर किल्ली कायमची तिच्याकडे.

शनिवारी सकाळी सहाला घर, म्हणजे नागपुरातलं नंदनवन, सोडलं. डिकीत संत्र्यांची दोन पोती, परतवाड्याच्या साळीसाठी, म्हणजे सुलभाच्या बहिणीसाठी. नागपूरचा माणूस रिकाम्या हातानं कुठे जात नाही. तळेगावला तर्रीपोहे झाले. अमरावतीपुढे स्टिअरिंग हलकं लागू लागलं, तसा मी शास्त्रार्थ मांडला : आपल्या गाडीत पुढचीच चाकं ओढतात, पुढचीच वळतात, मागं भार झाला की त्यांची पकड सुटते.

"तुम्ही गाडी चालवून राहिले का प्रवचन देऊन राहिले?" सुलभा.

पोती पाहून साळीनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, आमच्या बागेतली तोडाले माणूस भेटून नाही राहिला, अन् तुम्ही इथं संत्री आणता?"

वाचकहो, चिखलदऱ्याला जाल तर पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या आणि घाटात घाई करू नका. वर थंडी, धुकं, भाजलेलं कणीस. एक रात्र पुरे.

रविवारी उतरताना डिकी रिकामी होती, म्हणजे सबबही गेली. तिसऱ्या वळणावर गाडीचं नाक वळणाबाहेर निघालं. मी दचकून पाय उचलला. भार पुढे आला, मागची चाकं हलकी झाली आणि शेपूट कठड्याकडे फिरलं. चिवडा सांडला.

"किल्ली," सुलभा म्हणाली.

"मागचं सस्पेन्शन! दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेली. मेकॅनिकले दाखवू, मग बोल."

उरलेल्या घाटात गाडी तिनं उतरवली. डबा जागचा हलला नाही.

नागपुरात मेकॅनिकनं घाटातली हकिगत ऐकली, गाडी फिरवून आणली. "सस्पेन्शन एकदम ओके, सर. वळणात ॲक्सिलेटर काहून दाबला होता?"

घरी मी सुलभाला सांगितलं, मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेत. किल्ली पुन्हा माझ्याच खिशात आहे.

वळणात मी ॲक्सिलेटर दाबला नव्हता, असंच मला वाटत होतं. साखरेच्या आजारानं उजव्या पायाचा तळवा काही महिन्यांपासून बधिर झालाय. पाय पेडल दाबत गेला, आणि मला ते कळलंच नाही. हे मी अजून सुलभाला सांगितलेलं नाही.