नवेगावच्या तळ्यावरची आंघोळ

आमच्या अपंग मंडळाची सहल म्हणजे ट्रकला फळ्या लावायच्या आणि आम्हा लंगड्या-पांगळ्यांना तीनचाकी सायकलींसकट आत ढकलायचं. ब्याऐंशी सालच्या थंडीत नवेगावबांधाच्या तळ्यावर पक्षी बघायला जायचं ठरलं. एरवी घराबाहेर न पडणाऱ्या गोपाळरावाने सगळ्यांच्या आधी नाव दिलं.

त्याला पक्ष्यांचं काही पडलं नव्हतं. तळ्याजवळ त्याच्या बायकोचं, रुखमाबाईचं माहेर होतं. सावनेरच्या एका कापसाच्या जिनात यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याचे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. तिचा भाऊ नत्थू दर दिवाळीला न्यायला यायचा. गोपाळराव म्हणायचा, "जा वं." ती म्हणायची, "तुमचं कोन करन?" नत्थू फराळ करून एकटाच परत जायचा. पांगळ्या माणसाला असं ओझं करून ठेवते म्हणून मला तर तिचा रागच यायचा.

त्या दिवाळीला नत्थू आलाच नाही. "रुसला असन," ती म्हणाली. म्हणून गोपाळरावाने निरोप धाडला, की रविवारी तळ्यावर ये, तुझ्या बहिणीला घेऊन येतो.

तळं बदकांनी भरलं होतं. आमची मंडळी पोरांसारखी ओरडत होती. रुखमाबाई मात्र भावाने दिलेलं लुगडं नेसून, अनारशांचा डबा मांडीवर घेऊन गावच्या वाटेकडे बघत बसली होती.

वाटेने नत्थूची बायको एकटीच आली. तिचं कपाळ मोकळं होतं.

"पोळ्याच्या आधीच गेले," ती म्हणाली. "रुखमीले कळवू नका म्हणून त्याहिनंच सांगतलं. म्हणे, बहीण धावत येईन, अन् मंग जावईबुवाले पाणी कोन देईन?"

रुखमाबाईने डब्याचं झाकण घट्ट लावलं. गोपाळरावाला मान वर करवेना.

मरणाची खबर उशिरा कळली तरी अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची असते. ती उठली, पाण्याकडे निघाली आणि सवयीने सायकल ढकलायला परत फिरली.

"मले राहू दे," गोपाळराव म्हणाला. "आज तरी एकटी जा वं."

ती गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने "नत्थू गा!" म्हणून जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो. पक्ष्यांकडे आता कोणीच बघत नव्हतं. तेवढ्यात गोपाळराव सायकलवरून खाली घसरला आणि हातांवर सरपटत, चिखलातून पाण्यात शिरला. आम्ही कोणी त्याला अडवलं नाही.

रुखमाबाईने ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर घातलं. मग डोळे पुसले आणि त्याला उचलायला रोजच्यासारखी वाकली.