तीन घरची चौकशी

आमच्या मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक पद्धत आहे. सोयरीक जुळवायची असो, डॉक्टर निवडायचा असो की लोण्याचं दुकान, चौकशी तीन घरी करायची. आणि ती तीन घरं अशी हवीत की ज्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही. बंगळुरात पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं मोजकीच, त्यामुळे इथे जो तो कुणाचा तरी साडू नाहीतर व्याही निघतो. साडूला विचारलं तर मुलगी गोरीच असणार आणि मुलगा निर्व्यसनीच. म्हणून मामंजी परकी माणसं शोधून काढतात.

माझ्या वेळी ते निपाणीला येऊन तीन घरी चौकशी करून गेले होते. तिन्ही घरांनी सांगितलं की मुलगी शिकलेली आहे, कामाला वाघ आहे, पण तोंडाने फटकळ. मामंजी खूश झाले. मुलगी कशी का असेना, माहिती पक्की मिळाली, असं म्हणून त्यांनी होकार कळवला. माहिती किती पक्की होती याचा अनुभव ते अजून घेत आहेत.

पेपरांनाही हाच नियम. जे. पी. नगरच्या आमच्या घरी रोज तीन पेपर येतात, दोन कन्नड आणि एक इंग्रजी. एका पेपरात आलेली बातमी म्हणजे कुजबुज, दोनांत आली तर विचार करायचा, तिन्हींत आली तर खरी. तोवर घरात कुणी मत द्यायचं नाही. पूर्वी हे काम जेवणाची ताटं मांडेपर्यंत चालायचं. एक पेपर म्हणायचा नवा उड्डाणपूल झकास, दुसरा म्हणायचा खांबाला तडा गेलाय, तिसरा दोघांच्या चुका काढायचा. मामंजी मधे न्यायाधीश होऊन बसायचे आणि सासूबाई आतून विचारायच्या, निकाल लागला असेल तर कोथिंबीर आणता का?

हल्ली मात्र सगळं वाचन उपम्याच्या आधीच उरकायला लागलं. तिन्ही पेपरांचं प्रत्येक गोष्टीत एकमत. मामंजींना वाटलं, चला, शहाणपण वाढलं. मी म्हटलं, "मामंजी, तीन जावांचं एकमत फक्त सासूबद्दल होतं. बाकी कशाबद्दल झालं तर समजावं की काहीतरी गडबड आहे." सासूबाई आतून खाकरल्या.

अशात माझ्या धाकट्या नणंदेने घर घ्यायचं ठरवलं. येलहंक्याच्या पलीकडे तळ्याकाठी मोठी वसाहत उभी राहत होती, त्यातला तळमजल्यावरचा फ्लॅट तिला आवडला होता. आजवर वेगळी, भाड्याच्या घरांत राहिलेली, त्यामुळे पोरगी अगदी भाळली होती. दिवाणखान्याचा रंगसुद्धा तिने ठरवून टाकला. पण कागदांवर सही करायची ती मामंजींनी हो म्हटल्यावरच, असा आमच्याकडचा शिरस्ता. मामंजींनी तिन्ही पेपर चाळले. तिन्हींत त्या वसाहतीचं भरभरून कौतुक होतं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "तीन घरं झाली."

आमच्या वरच्या खोल्यांत एक मुलगी भाड्याने राहते. ती अथणीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच झोकात बोलते, आणि त्या दोन कन्नड पेपरांपैकी एकात बातमीदार. तिने हे ऐकलं आणि ती धावतच खाली आली.

"काका, तिथे घर नका घेऊ. ती पाण्याची वाट आहे. तळं भरलं की पाणी तिथूनच खाली जातं. नाला बुजवून इमारती उठवल्यात. मी स्वतः फिरून बातमी केलेली."

"मग मी कशी वाचली नाही?"

"छापलीच नाही. आमचा मालक बदललाय काका. तिन्ही पेपर आता त्याच्याच हातात आहेत, आणि ती वसाहतही तोच बांधतोय."

मामंजींनी चष्मा काढून पुसला. "मालक बदलल्याचं तरी कुठे वाचलं नाही मी."

"आता ते तरी कोण छापणार?"

मामंजी तिला मुलीसारखं मानतात, म्हणून समजुतीने बोलले. म्हणाले, "तू खोटं बोलतेस असं नाही, बाळ. पण तुझं म्हणणं हे एकच घर झालं की नाही?" ती जिना चढून वर गेली. पुढे कळलं, त्या बातमीसाठी कचेरीत जास्तच हट्ट धरला म्हणून तिची बदली रविवारच्या पुरवणीत केली होती, पाककृती लिहायला. जिला अंडं उकडतानासुद्धा आईला फोन करावा लागतो, तिला! मी म्हटलं, सोडून दे नोकरी. ती म्हणाली, "अक्का, सोडून जाऊ कुठे? ज्या तीन दारांत नोकरी मागायची, ती तिन्ही दारं एकाच घराची."

मग तो रविवार आला. आमच्या सासूबाई पेपरातल्या पाककृती शिकण्यासाठी वाचत नाहीत, चुका काढण्यासाठी वाचतात. त्या दिवशी बिसीबेळे भात होता. त्यांनी पहिला कन्नड पेपर वाचला आणि कपाळावर हात मारला. मग दुसरा वाचला आणि पहिला पुन्हा उघडला. मग इंग्रजी पेपर माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, "ह्यात काय आहे, वाच बघू." मी वाचलं. त्यातही बिसीबेळे भातच, तेवढीच डाळ, तेवढेच तांदूळ, मसाला तोच, आणि चिंचेचा पत्ता नाही.

"अहो, इकडे या," सासूबाईंनी मामंजींना हाक मारली. "चिंचेशिवाय बिसीबेळे भात म्हणजे काय ते सांगा."

"खिचडी," मामंजी म्हणाले.

"एक बाई चिंच विसरली, समजू शकते. तीन घरच्या तीन बायका एकाच दिवशी विसरतात होय? हे तीन घरचं जेवण नाही हो. चूल एकच आहे. ताटं तेवढी तीन मांडलीत."

मामंजींनी तिन्ही पुरवण्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि प्रत्येकीवर बोट फिरवत वाचत गेले. मग त्यांनी वरच्या मुलीला बोलावलं. ती ओशाळून म्हणाली, "मीच लिहिली, काका. रागात होते, चिंच राहून गेली. हल्ली एकानेच लिहायचं, तेच भाषा बदलून तिन्हीकडे जातं. बातम्यांचंही तसंच."

एरवी मी मामंजींची फिरकी घ्यायची एकही संधी सोडत नाही. पण त्या सकाळी मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांनी कुणावर आंधळा विश्वास टाकला नव्हता. उलट जन्मभर पारखून घेतलं, आणि पारखायची सोयच कुणीतरी काढून नेली होती, आणि त्यांना कळवलंही नव्हतं. ते उठून म्हणाले, "आपणच जाऊन तीन घरं शोधू."

नणंदेला घेऊन आम्ही गेलो. वसाहतीला लागून जुनं गाव आहे. पहिलं घर मिळालं ते निवृत्त मास्तरांचं. दुसरं एका गुलाबाच्या मळेवाल्याचं, ज्याच्याशी मास्तरांचं कुंपणावरून बोलणं बंद आहे. तिसरं म्हशी पाळणाऱ्या आजींचं, त्या या दोघांच्याही नावाने बोटं मोडतात. मास्तर म्हणाले, मळेवाल्याचं काही ऐकू नका. मळेवाला म्हणाला, मास्तर म्हणजे लबाडांचा शिरोमणी. आजी म्हणाल्या, दोघेही एकाच माळेचे मणी. पण पाणी कुठून जातं म्हणून विचारलं, तर तिघांनीही वसाहतीच्या त्याच फाटकाकडे बोट दाखवलं. चांगला पाऊस झाला की तिथे गुडघ्याच्या वर पाणी चढायचं, हे तिघांनीही सांगितलं, आणि दुसऱ्याने आधी सांगितलंय हे कळल्यावर मळेवाल्याला आणि आजींना राग आला.

मामंजी खुलले. "बघ, पेपर असे असायचे पूर्वी," ते मला म्हणाले.

नणंद रस्त्याच्या कडेला उभी राहून रडली. मी म्हटलं, "अगं, तळं दिसावं म्हणून घर घेत होतीस ना? ते आपल्या पायाने तुझ्या दिवाणखान्यात आलं असतं." ती रडता रडता हसली, आणि घर नको म्हणाली. आमचं काम झालं होतं.

परत निघालो तर फाटकापाशी एक जोडपं गाडीतून एका म्हाताऱ्या बाईंना उतरवत होतं. आमचं मराठी ऐकून तो मुलगा आपणहून पुढे आला. पुण्याचा, इथे कंपनीत नोकरीला. "आईला जिने चढवत नाहीत ना, म्हणून ग्राउंड फ्लोअर घेतलाय," तो म्हणाला. "पझेशन मिळालं कालच."

मामंजींनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नाला, तळं, मास्तर, मळेवाला, आजी, काही ठेवलं नाही. मुलगा भला होता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, थँक्स. पण आम्ही प्रॉपर रिसर्च करून घेतलाय. इतकं सीरियस असतं तर कुठल्या तरी पेपरमध्ये आलंच असतं ना?"

मुलाने आईचा हात धरला आणि तिघं आत गेले.

रिक्षाची वाट बघत आम्ही उभे होतो. मामंजी म्हणाले, "आपल्या वर ती मुलगी राहते म्हणून आपण वाचलो. ज्यांच्या वर कुणी राहत नाही, त्यांनी काय करायचं गं?"

समोर तळमजल्याची एक खिडकी उघडली. त्या म्हाताऱ्या बाई गज धरून बाहेर बघत होत्या. आम्हाला ओळखून त्यांनी हसून हात केला, आणि मामंजींनीही हात केला.