आमचे सतरा नंबर

आपल्या रक्तदाबावर सतरा नंबरांनी जितकं मनापासून प्रेम केलं, तितकं लोक पोटच्या पोरांवरही करत नसतील. त्यांचं नाव मी सांगणार नाही, तसा नियमच होता. पुण्यातल्या एका रुग्णालयात रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि तिथे रुग्णांच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कागदावर कोणालाही नाव नसायचं, फक्त नंबर. बहुतेकांना ते अपमानास्पद वाटायचं. एक बाई तर "मी काय कैदी आहे?" म्हणून तरातरा निघून गेल्या. सतरा नंबर मात्र खूश झाले. हडपसरच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात या माणसाचं सगळं आयुष्य गेलेलं. नंबर नसलेली वस्तू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. मी फोन केला की पलीकडून "सतरा बोलतोय" असंच उत्तर यायचं.

चाचणीत येण्याआधी एक भलंमोठं संमतीपत्र वाचून सही करायची असे. वाचत कोणीच नसे, लोक थेट शेवटचं पान उघडून "कुठे करू?" म्हणत. सतरा नंबरांनी ते घरी नेलं आणि आठवड्याने पेन्सिलीच्या खुणा करून परत आणलं. "पान अकरावर म्हणता या गोळीने झोप येईल, पान चौदावर म्हणता झोप उडेल. आधी आपसात ठरवा आणि मग मला कळवा." आपत्काळात कोणाला कळवावे, या रकान्यात त्यांनी आमच्याच विभागाचा फोन नंबर लिहिला होता. मी म्हटलं, "अहो, इथे घरच्या माणसाचा नंबर हवा." तर म्हणाले, "घरी मी असतो. मलाच काही झालं, तर ते मलाच कळवून काय उपयोग?" मी हसले आणि खोडून काही दुसरं लिहून घेतलं नाही. त्यांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं आणि बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत, हे मला फार उशिरा कळलं. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नव्हती.

अशा चाचणीत निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली खोटी गोळी. कोणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरांना. प्रत्येक रुग्ण कधी ना कधी माझ्या कानाशी येऊन "आपली खरी आहे ना हो?" असं विचारून जायचा. सतरा नंबर हे एकमेव, ज्यांना खोटी हवी होती. कारखान्यात म्हणे एक मास्टर पीस असायचा, कपाटात जपून ठेवलेला, आणि बाकी सगळा माल त्याच्याशी ताडून पाहायचा. "खोटी गोळी घेणारा तो मास्टर पीस," ते मला समजावत. "तो नीट नसेल तर तुमचा सगळा अभ्यास पाण्यात." आणि आपण नीट असावं म्हणून ते रोज सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी गोळी घेत. आठला का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, आठला रेडिओवर वेळ सांगतात, घड्याळ लावून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

आमच्या डॉक्टरांशी त्यांचा कायमचा वाद होता. म्हाताऱ्यांचा रक्तदाब किती खाली आणावा, यावर तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांतही एकमत नव्हतं आणि आमच्याकडे दर आठवड्याच्या बैठकीत त्यावर खडाजंगी व्हायची. त्या बैठकीत सतरा नंबरांना प्रवेश नव्हता, म्हणून ते आपली बाजू तपासणीच्या टेबलावर आडवे पडून मांडत. "पूर्वी तुम्हीच म्हणायचात, शंभर अधिक वय इतका दाब चालतो. आता म्हणता एकशे चाळीसच्या वर नको. मी तोच, रक्त तेच. मला आजारी तुम्ही बैठकीत केलंत." डॉक्टर चिडून म्हणाले, "काका, तुम्ही दाब मोजताना बोलू नका, आकडा वाढतो." "बघा! म्हणजे आकडा बोलण्यावर आहे," असं म्हणून ते विजयी मुद्रेने गप्प बसले.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यांची तपासणी असायची. दहाची वेळ असली की नऊलाच इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर हजर. दाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत, न बोलता बसायचं असतं. मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "महिनाभर घरी तेच तर करून आलोय." मला तो पुणेरी टोमणा वाटला.

रुग्णांना घरी लिहायला आम्ही एक वही देत असू. गोळीची वेळ, झालेला त्रास, त्याची तीव्रता आणि औषधाशी संबंध, असे रकाने. लोक वही शेवटच्या दिवशी बाकावर बसून एका शाईत भरत. सतरा नंबरांची वही वाचायला मी डबा घेऊन बसायचे. "वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली. तीव्रता: मध्यम. औषधाशी संबंध: नाही." "कोजागिरीचं दूध सगळ्यांकडे गेलं, इकडे आलं नाही. तीव्रता: सौम्य. संबंध: नाही." "आज दूधवाल्याखेरीज कोणाशी बोललो नाही. तीव्रता:" आणि पुढे जागा कोरी. यातलं काही मी मुख्य नोंदीत चढवत नसे, कारण ते वैद्यकीय नव्हतं. ते वाचून मी हसायचे, याची मला आज लाज वाटते.

आठव्या महिन्यात त्यांची वही तपासताना एक गोष्ट खटकली. सगळीकडे आठ दोन, आठ दोन, आणि मध्येच दोन दिवशी पावणेबारा. त्या दोन्ही दिवसांपुढे त्रासाच्या रकान्यात ठसठशीत "नाही". मी वर पाहिलं, तर त्यांच्या कोपरावर खपली होती.

"काका, या दोन दिवशी काय झालं?"

त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "पडलो. बिछान्यातून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. उठून बसेपर्यंत उशीर झाला."

"मग त्रास नाही असं का लिहिलंत?"

"त्रास झाला की नाही, हे मत आहे."

"आणि वेळ?"

"वेळ माप आहे. खोटं माप कसं लिहिणार हो?"

मी पेन उचललं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या नोंदवहीवर हात ठेवला. "हे लिहिलंत तर मला काढतील ना?"

"काढतील."

"मग पहिल्या मंगळवारी मी काय करायचं?"

मला रडू येत होतं आणि मी लिहीत होते. डॉक्टरांनी त्यांना बसवून आणि उभं करून दाब मोजला. उभं राहिलं की तो झपकन उतरत होता. गोळी बंद झाली, कोणती गोळी ते लिहिलेलं त्यांचं सीलबंद पाकीट उघडलं, तर गोळी खरी निघाली. पडण्यापेक्षा ते या बातमीने अधिक दुखावले. डॉक्टर त्या दिवशी एकही वाद न घालता त्यांच्याबरोबर खालच्या साध्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत गेले आणि दुसरं औषध लिहून दिलं. मी नियमाने वागले आणि बरोबरच वागले, ते तिसऱ्यांदा पडले असते तर कंबरडं मोडलं असतं. तरी त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

गोळी बंद झाल्यावर तीस दिवसांनी एक शेवटचा फोन करायचा असे. मी केला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. चक्कर? नाही. डोकेदुखी? नाही. पायाला सूज? नाही. पडणं? नाही. मी भराभर खुणा करत गेले; आणखी सहा जणांना फोन करायचे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका."

"जरा सावकाश विचारायचं होतंत."

मी खाली सहीसुद्धा करून टाकली होती. तो कागद बाजूला सारला, नवा घेतला, खुर्चीत नीट बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "काका, चक्कर येते का?"

"बुधवारी आली होती. जरा."

"मघाशी नाही म्हणालात."

"मघाशी तुम्ही घाईत होतात."

तो फोन चाळीस मिनिटं चालला. बुधवारची चक्कर, ती आली तेव्हा हातात असलेली कपबशी, ती बायकोने कुठून घेतली होती, तिला कोणतं दुखणं झालं होतं, सगळं त्यांनी सांगितलं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटायला लावलं, आणि ते भेटूनही गेले. त्यानंतर त्यांना फोन करायला माझ्याकडे काही कारण उरलं नाही. कारण नसतानाही फोन करता येतो, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.