बहिणीबरोबर पाहिलेली इंग्लंडमधली गावं

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये जन्मली आणि त्याच संध्याकाळी गेली. ही बातमी आम्हाला तंजावूरला, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवर कळली. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. आईनं रिसीव्हर कानाला लावून सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि तो माझ्या हातात दिला. पलीकडे मेहुणे रडत होते.

कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांचे ते नवे दिवस होते. राजवाड्याच्या मागच्या आमच्या मराठी घरांतून एकेक जण चेन्नईला आणि तिथून परदेशी जात होता. मेहुणेही तसेच गेले होते. बाळंतपणाला म्हणून आईचा आणि सोबतीला माझा व्हिसा तयार होता, पण बाळ फार लवकर आलं. मी शिकवत होते त्या शाळेतून रजा काढली आणि आईबरोबर निघाले. तिनं लेहियम, म्हणजे बाळंतिणीसाठी करतात ते काळं औषधी चाटण, आधीच करून ठेवलं होतं. ते पेटीत घालताना मी तिच्याकडे पाहिलं.

"बाळ नसलं तरी ती बाळंतीणच आहे," आई म्हणाली.

बहीण ऑक्सफर्डच्या पश्चिमेला एका लहान शहरात राहायची. ती आम्हाला हसून भेटली, लेहियम मुकाट्यानं खाल्लं, मुलीविषयी मात्र एक अक्षर बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. तिला घरात बसवत नसे. सुटीचा दिवस आला की सकाळीच ती नवऱ्याला गाडी काढायला लावी आणि आम्हाला जुनी गावं दाखवायला नेई.

अशी किती गावं पाहिली कोण जाणे. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, गवतानं शाकारलेली छपरं, ओढ्यावर एखादा बुटका पूल, बाजाराच्या चौकात खांबांवर उभा असलेला मंडप. बहीण सगळं वाचून आलेली असे. लोकरीच्या व्यापारावर ही गावं कशी वाढली, कुठलं चर्च किती जुनं, असं ती न थांबता सांगत राही. आई साडीवर स्वेटर, पायांत मोजे आणि चपला अशी तिच्या मागून चाले. मेहुणे बहुधा गाडीपाशीच थांबत. मला वाटे, ही बोलते आहे ती गप्प राहता यावं म्हणून. चर्चच्या अंगणात जुन्या थडग्यांचे दगड असत. तिथं आलं की तिची पावलं भराभर पडत.

एका गावात चर्चला लागून बैठ्या घरांची लांब ओळ होती. प्रत्येक दाराशी फुलांची कुंडी, आणि एका दारात एक म्हातारी ऊन घेत बसलेली.

"ही कुणाची घरं?" आईनं विचारलं.

"गावातल्या गरीब म्हाताऱ्यांसाठी कुणीतरी बांधून दिलेली," बहीण म्हणाली. "फुकट राहायचं."

"म्हणजे छत्रच की."

आई मूळची तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूची. तिथल्या मराठ्यांच्या काळातल्या छत्राच्या, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेच्या, ओट्यावर तिचं लहानपण गेलेलं. ती दगडी भिंतीवरून हात फिरवत पुढे गेली आणि मधल्या दारावरच्या पाटीपाशी थांबली. "काय लिहिलंय?"

बहिणीनं पाटी वाचली. मग हळूच म्हणाली, "एका व्यापाऱ्याच्या बायकोनं बांधलंय. मेलेल्या मुलाच्या नावानं."

"आमचं छत्रही मेलेल्या माणसाच्या नावानंच आहे," आई म्हणाली. आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, "आपलं लेकरू कुठं ठेवलंय ग?"

बहीण तिथंच पायरीवर बसली. मी तिला तशी रडताना कधी पाहिलं नव्हतं. दारातली म्हातारी आत गेली, पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि तो तिच्याजवळ ठेवून काही न विचारता परत गेली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"मी परत गेलेच नाही तिथं," बहीण म्हणाली. "पुरलं तेव्हा मी दवाखान्यात होते. हे एकटेच होते."

"आज जाऊ."

वाटेत आईनं मेहुण्यांना गाडी थांबवून दूध घ्यायला सांगितलं. शहराच्या कडेला टेकडीच्या उतारावरच्या दफनभूमीत लहान मुलांची वेगळी जागा होती. मेहुणे बरोबर दगडापाशी जाऊन उभे राहिले. ते दर आठवड्याला एकटे येत होते, हे बहिणीला तेव्हा कळलं. तिनं त्यांचा हात धरला.

आईनं ओंजळीतून मातीवर दूध सोडलं. मग साडी सावरून गवतात बसली आणि बोलू लागली. आमच्या घरच्या, तमिळ हेल असलेल्या मराठीत.

"मी तुझी आजी. ही तुझी मावशी. तुझं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागं..." मग घरात कोण कोण आहे, अंगणात कसलं झाड आहे, सकाळी दारात कोलमची रांगोळी कोण घालतं, सगळं सांगत राहिली. उठताना बहिणीला म्हणाली, "इथं सगळे इंग्रजीत बोलले असतील. आपली भाषा तिच्या कानावर पडायला पाहिजे होती."

आई आणि मी तंजावूरला परत आलो. पुढं चेन्नईतही तशा कंपन्या निघाल्या. मेहुण्यांना चांगली नोकरी मिळत होती आणि त्यांना यायचं होतं. बहीण तयार झाली नाही. "तिला एकटीला ठेवून?" एवढंच ती म्हणायची. त्यांना दुसरं मूल झालं नाही. आई कधी तिला ये म्हणाली नाही. पण परदेशातून कुणाचा मुलगा गल्लीत परत राहायला आला की ती दोन दिवस नीट जेवत नसे.

आई गेली तेव्हा बहीण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. विमान मिळायला उशीर झाला. दिवसकार्य होईपर्यंत ती राहिली. आईच्या साड्या घडी करून ठेवल्या, नातेवाइकांना कॉफी दिली, कुणापुढं रडली नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर मी म्हटलं, "अजून थोडं राहा. आता घरी मी एकटीच आहे."

"मला ठाऊक आहे अक्का," ती म्हणाली. "पण तिकडं ती आहे ना."

गाडी आली. तिनं वाकून नमस्कार केला आणि चढली. मी ऑटो न करता चालतच घरी आले.