जांभळीवाल्या भाऊंचा भुईचाफा

ज्या अंगणात ऊन येत नाही आणि माती पायाला कायम ओली लागते, तिथे काय लावावे? चामोर्शीच्या शाळेत माझी नेमणूक झाली, त्या पन्नासच्या दशकात हा प्रश्न प्रथम माझ्यापुढे आला. त्याचे उत्तर शोधू लागले की मागच्या भिंतीपलीकडचे जांभळीवाले भाऊ आठवतात. त्यांचे बोलणे क्षमा मागण्यापासूनच सुरू होई. दाराशी आले तर ‘चुकलं माहं, बाई, तुमच्या कामात आलो.’ मासळी कमी मिळाली तर गिऱ्हाइकाला ‘चुकलं माहं, आज नदीनं देल्लं नाई.’ वैनगंगेची चूकही ते आपल्याच अंगावर घेत.

भाऊ जातीने ढिवर, पिढीजात मासेमार. त्यांच्या जांभळीवर साऱ्या ढिवर मोहल्ल्याचा हक्क असल्यासारखा होता. त्या काळी जाळी सुताची असत. जांभळीच्या सालीच्या काढ्यात ती बुडवली की सूत पाण्यात लवकर सडत नसे. आणि मग जाळी सावलीत वाळवावी लागत, कारण कडक उन्हाने सूत कडकते. यासाठी त्या झाडाची एक जाड, आडवी फांदी सर्वांना सोयीची होती. ती आमच्या अंगणावर पसरली होती. त्यामुळे आमच्याकडे सावलीही होती आणि जाळ्यांचे ठिबकणारे पाणीही.

माझी आई माझ्याजवळ राहत असे. तिने अंगणात तुळस लावली, ती गेली. दुसरी लावली, तीही गेली. तेव्हा तिने भिंतीवरून भाऊंना ऐकवले, “तुमच्या जांभळीनं माझी तुळस खाल्ली, भाऊ.” आईच्या बोलण्यात धार असे, पण राग फारसा नसे. भाऊंना हा फरक कळला नाही. हातातले जाळे खाली ठेवून त्यांनी भिंतीवरून आमची रिकामी कुंडी पाहिली.

पावसाळा लागताच ते नाल्याकाठची माती आणि तिच्यातले कंद फाटक्या जाळ्यात बांधून घेऊन आले. “भुईचाफा हाये, बाई. याले सावलीच लागते.” मी विद्यार्थ्यांना शिकवते त्याच क्रमाने त्यांना विचारले : किती खोल लावायचा, पाणी किती घालायचे, फूल केव्हा येते? त्यांनी बोटाचे एक पेर दाखवले. पाण्याबद्दल म्हणाले, “हिवाळ्यात घालाचं नाई. पानं जातीन, मेला समजाचं नाई. आपल्या मनानं येते तो.”

हिवाळ्यात पाने खरोखरच गेली. आईने तिथे कोथिंबीर टाकायचे ठरवले. भाऊ भिंतीवरून रोज डोकावत आणि तिला थांबवत. चैत्रात मात्र उघड्या जमिनीतून, पानाचा पत्ता नसताना, पांढरी-जांभळी फुले थेट वर आली. वास अंगणभर झाला. आईने पहिले फूल देवाला वाहिले आणि भाऊंना तसे सांगितले.

“मंग तुळशीचं फिटलं काय, बाई?”

“तुळस ती तुळस, भाऊ,” आई हसत म्हणाली.

मीही हसले. ते हसणे मला पुढे अनेक वर्षे टोचले.

पुढच्या महाशिवरात्रीला आम्ही दोघी मार्कंड्याच्या यात्रेला गेलो. परतलो तो मागचे अंगण उन्हाने भरलेले. आडवी फांदी बुंध्यापासून कापलेली होती आणि भाऊ भिंतीशी उभे होते. “आता लावा तुळस,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका मोकळेपणा मी पूर्वी पाहिला नव्हता. आई पायरीवर बसली. त्या संध्याकाळी मोहल्ल्यातली माणसे त्यांना म्हणत होती, “आता जाळे का तुह्या डोक्यावर वाळवाचे, भाऊ?” भाऊ सर्वांची क्षमा मागत होते. जाळी नदीच्या वाळूत, उन्हात वाळू लागली आणि लवकर फाटू लागली.

आईने तुळस लावली. ती तरारली. भुईचाफ्याची मात्र जेमतेम दोन फुले आली आणि दुपारपर्यंत करपली. आई दिवा लावी, पण भिंतीकडे पाहत नसे.

त्या पावसाळ्यात एका उघडिपीच्या दिवशी मी शाळेच्या पटांगणात काठी रोवून मुलांना सावली मोजायला शिकवत होते. घरी परतताना माझी नजर आमच्या पुढच्या दाराकडे गेली. रस्त्याकडच्या पायरीजवळ लख्ख ऊन होते. ते पूर्वीही असणार, कारण त्या बाजूला झाडच नव्हते. शेळ्यांच्या भीतीने तिथे तुळस लावायचा विचार आम्ही कधी केला नव्हता. बांबूच्या एका तट्ट्याने ती अडचण सुटली असती. मी आईला ते दाखवले. दुसऱ्या दिवशी तिने तट्टा आणवला, तुळस पुढे नेली, आणि मागे वालाची वेल चढवायला भाऊंकडे एक जुने जाळे मागितले.

“काऊन हलवली, बाई? सुकून राह्यली होती काय?”

“नाही,” आई म्हणाली. “भुईचाफ्याला सावली हवी ना. तुळशीला पुढे ऊन होतंच, भाऊ. आम्हीच पाहिलं नव्हतं.”

भाऊंनी जाळे भिंतीवरून दिले. मग कापलेल्या फांदीच्या जागेकडे पाहिले.

“मंग फांदी उगीच गेली म्हणा,” ते शांतपणे म्हणाले. काही बिघडले असताना क्षमा न मागता त्यांनी बोललेले हे एकच वाक्य मला आठवते.

वर्षभराने माझी बदली वडशाला झाली. भाऊंनी कंद बांधून दिले. ते मी जिथे गेले तिथे लावत आले. ओल्या सावलीत भुईचाफा येतो, एवढे मी खात्रीने सांगू शकते. परंतु माझ्या शब्दावर विसंबू नका. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या घराला एकदा फेरी घाला, ऊन कुठे पडते ते स्वतः पाहा, आणि मगच शेजाऱ्याच्या झाडाबद्दल एक शब्द बोला.